घाटावरच्या वारशाला वाट द्या

प्रति,
मा. पालकमंत्री व अध्यक्ष, जिल्हा नियोजन समिती, बुलढाणा
मा. जिल्हाधिकारी, बुलढाणा
भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण
पर्यटन संचालनालय, महाराष्ट्र शासन
महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ, बुलढाणा विभाग

विषय : बुलढाणा जिल्ह्यातील प्राचीन व ऐतिहासिक स्थळांपर्यंत सामान्य माणसाला पोहोचता यावे याबाबत.

महोदय, महोदया,


अजिंठ्याची लेणी पाहून धाडमार्गे बुलढाण्याकडे निघालेली पर्यटकांची गाडी आमच्या देऊळघाटवरून जाते. तिला पुढे लोणार गाठायचे असते, नाहीतर शेगाव. आपण अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावरून चाललो आहोत आणि या माथ्यावर, त्याच्या उतारांवर आणि पायथ्याशी आठशे-नऊशे वर्षांपूर्वीची देवळे, सोळाव्या शतकातल्या मशिदी, लढायांची मैदाने आणि एका राजघराण्याचे गाव आहे, हे त्या गाडीतल्या माणसांना कोणी सांगत नाही. वाटेत थांबावे असे काही त्यांना दिसत नाही, म्हणून ती थांबत नाहीत. यात त्यांचा दोष नाही. दाखवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांच्यासाठी हे पत्र आहे.

आमचा जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा अशा दोन भागांत जगतो. बाजारभाव, पाऊस, सोयरीक, सगळ्या बोलण्यात हे दोन शब्द येतात. खाली पूर्णेचे सपाट खोरे, म्हणजे जुन्या वऱ्हाडातला पायनघाट. वर बालाघाटाचे पठार. मढजवळ उगम पावणारी पैनगंगा याच पठारावरून देऊळघाटशेजारून वाहते आणि पुढे मेहकरला जाते. खानदेशातून दख्खनेत चढायचे तर हा घाट ओलांडावा लागे. त्यामुळे फौजा, व्यापारी, कारागीर, साधुसंत आणि सूफी फकीर शतकानुशतके इथून गेले, आणि त्यांनी मागे ठेवलेल्या खुणा आजही उभ्या आहेत.

घाटाच्या पायथ्याशी मोताळा तालुक्यात रोहिणखेड आहे. १४३७ मध्ये बहमनी सुलतानाचा सेनापती मलिक-उत्-तुज्जार याने खानदेशच्या नासीरखानाला इथे हरवले. १५९० च्या सुमारास अहमदनगरच्या निजामशाही गादीसाठी निघालेल्या बुऱ्हाणने खानदेशच्या राजा अलीखानाच्या मदतीने जमालखानाचा पराभव केला, तोही इथेच. दीडशे वर्षांच्या अंतराने दोन मोठ्या लढाया एकाच गावाजवळ का झाल्या, याचे उत्तर नकाशात नाही, त्या घाटवाटेत आहे. रोहिणखेडला उभे राहून वर पाहिले की ते एका क्षणात उमगते. खुदावंतखान महदवी याने १५८२ मध्ये बांधलेली मशीद तिथे आहे. त्याच तालुक्यात कोथळीची दगडी देवळे आहेत.

घाटावर साखरखेर्ड्याजवळ ११ ऑक्टोबर १७२४ रोजी निजाम-उल्-मुल्कने मुबारिझखानाला हरवले. हैदराबादचे राज्य प्रत्यक्षात स्वतंत्र झाले ते या लढाईपासून. त्या विजयावरून गावाला फत्तेखेर्डा हे नाव पडले. दक्षिण भारताचा पुढच्या सव्वादोनशे वर्षांचा इतिहास ज्या मैदानावर ठरला, त्याच्या शेजारच्या शाळेतल्या मुलांना तो धडा मैदानावर उभा राहून कोणी शिकवतो का? मेहकरला बालाजीची भव्य मूर्ती आहे, खांबांच्या ओळींनी उभी असलेली जुनी धर्मशाळा आहे आणि टेकडीवर कंचनीचा महाल आहे. साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारे कवी ना. घ. देशपांडे मेहकरात राहिले आणि त्या महालावर त्यांनी काव्य लिहिले. सातगाव भुसारी, साकेगाव आणि धोत्रा इथली मध्ययुगीन मंदिरे हेन्री कझिन्स या अभ्यासकाने १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दख्खनच्या मंदिरांवरील ग्रंथात नोंदवली. म्हणजे या मंदिरांचे महत्त्व जगाच्या अभ्यासकांना शंभर वर्षांपासून ठाऊक आहे, आणि बुलढाण्याच्या स्टँडवर उतरलेल्या प्रवाशाला आजही ठाऊक नाही.

लोणार आणि सिंदखेड राजा यांची नावे सगळ्यांना माहीत आहेत, हे खरे. बेसाल्टच्या खडकात उल्कापाताने तयार झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणारचे विवर जगात दुर्मीळ आहे. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा देशभरातून लोकांनी त्याकडे पाहिले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला. पण लोणारला आलेला माणूस विवराच्या काठावर उभा राहतो, छायाचित्र काढतो आणि परततो. गावातले दैत्यसूदन मंदिर, त्याच्या छतावरची शिल्पे, भिंतींवरच्या मूर्ती, अखंड वाहणारी गोमुखाची धार, विवराच्या उतारावर झाडीत विखुरलेली देवळे यांना वेळ द्यावा असे त्याला कोणी सुचवत नाही. सिंदखेड राजाला १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीला लाखो लोक येतात. उरलेल्या वर्षभर लखुजीराजे जाधवांचा वाडा, त्यांची समाधी, रंगमहाल, मोती तलाव आणि नीळकंठेश्वराचे देऊळ ही ठिकाणे नेमकी कुठून कुठे पाहावीत हे परगावच्या माणसाला विचारत फिरावे लागते.

आता मूळ म्हणणे मांडतो. या जिल्ह्यातला वारसा टिकवायचा असेल तर आधी तो माणसांनी पाहिला पाहिजे. जिथे माणूस जात नाही तिथे राखणदारही ढिला पडतो, निधीही जात नाही, आणि एक दिवस दगडही जातो. आपल्याकडे जतन हे एका खात्याचे काम, पर्यटन दुसऱ्याचे, बस तिसऱ्याची आणि रस्ता चौथ्याचा. चारही खात्यांचे कागद वेगळे असल्यामुळे देवळापर्यंतचे शेवटचे तीन-चार किलोमीटर कोणाचेच नसतात. आमच्या जिल्ह्याचा वारसा त्या शेवटच्या तीन-चार किलोमीटरमध्ये अडकला आहे.

त्या वाटेवर काय अनुभव येतो ते सांगतो. फाट्यावर एस.टी. उतरवून देते. फाट्यावर गावाचे नाव असते, स्मारकाचे नसते. काळी-पिवळी मिळाली तर ठीक, नाहीतर उन्हातून चालत जायचे. पोहोचल्यावर कधी दाराला कुलूप असते आणि किल्ली कोणाकडे आहे हे शोधण्यात वेळ जातो. आवारात निळा फलक असतो. हे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचे आहे, त्याची नासधूस केल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, असे त्यावर लिहिलेले असते. ते आवश्यकच आहे. परंतु हे देऊळ कोणत्या शतकातले, कोणत्या देवाचे, दारावरच्या पट्ट्यांत काय कोरले आहे, यातले काहीही त्या फलकावर नसते. पिण्याचे पाणी नसते. बायकांसाठी स्वच्छतागृह नसते, आणि केवळ त्यामुळे कितीतरी कुटुंबे मधल्या ठिकाणी थांबण्याचे टाळतात. परतीची शेवटची गाडी कधी आहे याची धाकधूक मनात असली की शिल्प शांतपणे पाहता येत नाही.

स्मारकाच्या शेजारी राहणाऱ्या माणसाचाही विचार करा. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. या नियमाला माझा पाठिंबा आहे. तो नसता तर अनेक देवळांच्या भिंतीला भिंत लावून दुकाने उभी राहिली असती. पण त्या १०० मीटरच्या आत ज्याचे मातीचे घर पावसाळ्यात गळते, त्याला साध्या दुरुस्तीच्या परवानगीसाठीही हेलपाटे घालावे लागतात. त्याच्या वाट्याला स्मारकाकडून फक्त बंधन आले. पाहुणा आला असता तर चहा विकला गेला असता, जेवण दिले गेले असते, मुलाला वाट दाखवण्याचे काम मिळाले असते. तेही येत नाही. अशा माणसाला ते देऊळ आपले वाटावे अशी अपेक्षा करायची तर त्याच्या संसाराला त्याचा काही उपयोग झाला पाहिजे. शेजाऱ्याला जपावेसे वाटणारे स्मारकच टिकते. त्यापेक्षा पक्के कुंपण कोणी बांधू शकत नाही.

जतनाची काही कामे फार साधी आहेत आणि वेळेवर न झाल्यामुळे महाग होतात. आमच्याकडची जुनी देवळे काळ्या दगडाची आहेत. चुना न भरता दगडात दगड बसवून ती उभारली. शिखराच्या आणि छताच्या सांध्यांत पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचे, वडाचे, उंबराचे बी पडते. पहिल्या पावसात रोप उगवते. ते बोटभर असताना मुळासकट काढणे हे एका माणसाचे एका सकाळचे काम असते. पाच वर्षांनी तेच मूळ दगड सरकवते, सांध्यातून पाणी आत शिरते आणि गाभाऱ्याच्या छतावर ओल दिसू लागते. मग लाखोंचे अंदाजपत्रक करावे लागते. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीनंतर, प्रत्येक स्मारकाची वरपर्यंत पाहणी व्हावी.

दुसरे संकट श्रद्धेतून येते. गावातले लोक प्रेमाने कोरीव खांबांना ऑइलपेंट लावतात, पायऱ्यांवर टाइल्स बसवतात, सिमेंटने भेगा बुजवतात, गाभाऱ्याला लोखंडी जाळी ठोकतात. सिमेंट कडक असते आणि ओल अडवून ठेवते. जुन्या दगडाला त्याचा त्रास होतो. रंगाखाली नक्षीची धार बुजते. या लोकांना दोष देऊन चालणार नाही. त्यांना देवळाची सेवा करायची आहे, कशी करावी हे कोणी येऊन सांगितलेले नाही. नुसती बंदी न घालता पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञाने गावात बसून ते सांगावे, एवढेच हवे आहे.

लोकांना आपल्या वारशाची ओढ आहे याचे दाखले याच जिल्ह्यात आहेत. १८८८ मध्ये मेहकरला बालाजीची मूर्ती सापडली. ती इंग्रज सरकार विलायतेला नेईल म्हणून गावकऱ्यांनी घाईने तिची प्रतिष्ठापना केली, असे मेहकरात आजही अभिमानाने सांगतात. जून २०२४ मध्ये सिंदखेड राजाला लखुजीराजांच्या समाधी परिसरात जतनाचे काम चालू असताना पुरातत्त्व खात्याला मंदिराचा पाया लागला आणि पुढे खोदताना शेषशायी विष्णूची सुमारे १.७० मीटर लांब आणि १ मीटर उंच मूर्ती मिळाली. समुद्रमंथनाची दृश्ये कोरलेली अशी मूर्ती आमच्या मातीतून बाहेर आली तेव्हा गावोगावचे लोक ती पाहायला उत्सुक होते. अशा वस्तूंसाठी जिल्ह्यात सुरक्षित, नीट प्रकाशयोजना असलेले संग्रहालय असते, तर त्या मूळ मातीजवळ ठेवता आल्या असत्या. आज शेताच्या बांधावर, पाराशेजारी, देवळामागे कितीतरी वीरगळ, सतीशिळा आणि भंगलेल्या मूर्ती पडून आहेत. त्यांची यादी नाही, त्यामुळे त्यातली एखादी उचलून नेली तरी ती गेली हे सिद्ध करता येणार नाही.

डोंगराळ देशांनी हे प्रश्न सोडवले आहेत. नेपाळमधल्या भक्तपूरमध्ये परदेशी पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेतले जाते आणि नगरपालिका ते देवळांच्या, चौकांच्या दुरुस्तीला लावते. एप्रिल २०१५ च्या भूकंपात तिथे मोठी हानी झाली. त्यानंतर गावातल्याच सुतारांनी, पाथरवटांनी आणि विटा पाडणाऱ्यांनी पारंपरिक पद्धतीने अनेक देवळे पुन्हा उभी केली. पाहुण्याकडून आलेला पैसा दगडात आणि कारागिराच्या घरात गेला. भूताननेही पाहुण्यांवर रोजचे शुल्क लावले आहे. भक्तपूरसारखी गर्दी आमच्याकडे नाही आणि तेवढी नकोही. जो पाहुणा येईल त्याच्यामुळे स्मारक आणि गाव दोघांचे भले व्हावे, एवढे तत्त्व तिथून घ्यावे.

आता परिस्थिती बदलली आहे, म्हणून हे पत्र आजच लिहितो आहे. डिसेंबर २०२२ पासून समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून वाहतो. नागपूरचा माणूस सकाळी निघून दुपारी लोणारला येऊ शकतो. घाटावरच्या तालुक्यांना रेल्वे नाही. खामगाव–जालना मार्गाची मागणी कित्येक पिढ्यांची आहे. तोपर्यंत आमची मदार एस.टी.वर आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे. देऊळघाटच्या आजीलाही मेहकरचा बालाजी आणि साकेगावचे देऊळ पाहता यावे एवढे पैसे आता तिच्याकडे आहेत. तिला त्या वाटेवरची गाडी मात्र मिळत नाही.

म्हणून पुढील मागण्या मांडतो.

१. सैलानीच्या यात्रेला एस.टी. जादा गाड्या सोडते, तशा दर शनिवारी व रविवारी तीन वारसा-फेऱ्या सुरू कराव्यात. पहिली बुलढाणा–सातगाव भुसारी–साकेगाव–चिखली. दुसरी मेहकर–लोणार–सिंदखेड राजा. तिसरी राजूर घाट उतरून मोताळा–रोहिणखेड–कोथळी. प्रत्येक ठिकाणी किमान पाऊण तास थांबा असावा आणि संध्याकाळी गाडी मूळ ठिकाणी परत यावी.

२. राज्यमार्गावर आणि प्रत्येक फाट्यावर स्मारकाचे नाव, अंतर आणि बाण असलेले फलक लावावेत. स्मारकापाशी त्याची माहिती मराठी, हिंदी व इंग्रजीत, आणि रोहिणखेड, साखरखेर्डा यांसारख्या ठिकाणी उर्दूतही असावी. मजकूर इतिहासाच्या अभ्यासकांकडून तपासून घ्यावा.

३. प्रत्येक संरक्षित स्मारकाशेजारच्या गावातील किमान दोन तरुण-तरुणींना मार्गदर्शक म्हणून प्रशिक्षण आणि ओळखपत्र द्यावे. किल्ली कोणाकडे आहे आणि दार कधी उघडते हे फलकावर ठळक लिहावे.

४. पिण्याचे पाणी आणि स्त्रियांसाठी स्वच्छ, वापरात राहणारे स्वच्छतागृह प्रत्येक ठिकाणी असावे. ते स्मारकाच्या नजरेआड, नियमांच्या चौकटीत उभारावे आणि त्याची देखभाल गावातल्या महिला बचत गटाकडे मोबदल्यासह द्यावी.

५. असंरक्षित मूर्ती, वीरगळ, बारव आणि जुन्या वास्तूंची गाववार छायाचित्रांसह नोंद करावी. त्यासाठी महाविद्यालयांच्या इतिहास विभागांची मदत घ्यावी. बुलढाण्यात किंवा सिंदखेड राजाला जिल्हा वस्तुसंग्रहालय उभारावे.

६. १०० आणि २०० मीटरच्या क्षेत्रातल्या घरदुरुस्तीच्या अर्जांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी महिन्यातून एक ठरलेला दिवस ठेवावा, म्हणजे शेतकऱ्याला दूरच्या शहराच्या फेऱ्या माराव्या लागणार नाहीत.

७. चौथीची मुले शिवछत्रपतींचा इतिहास शिकतात. जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाला चौथी पूर्ण होण्याआधी जिजाऊंचे जन्मगाव शासनाच्या खर्चाने दाखवावे. सातवीत प्रत्येकाला लोणार दाखवावे. मोठेपणी देवळाचा दगड वाचवणारे हात याच मुलांचे असणार आहेत.

यातल्या एकाही मागणीला मोठे बांधकाम लागत नाही, संग्रहालयाचा अपवाद सोडला तर. कमानी, काँक्रीटचे पुतळे, रंगीत कारंजी आणि स्मारकाला खेटून वाहनतळ असला खर्च करू नये, अशी कळकळीची विनंती आहे. लोणारच्या विवराच्या उतारावर तर एक वीटही वाढू नये. जुन्या दगडाभोवती मोकळी जागा, सावलीची देशी झाडे आणि नीट पायवाट एवढे पुरते.

आम्ही काय करू, तेही लिहितो. देऊळघाट मराठी आणि उर्दू दोन्ही बोलणारे गाव आहे. देवळाच्या आणि मशिदीच्या जतनाचा विचार आम्हाला वेगवेगळा करायचा नाही. दोन्ही या घाटाच्या इतिहासाच्या खुणा आहेत. आमच्या परिसरातल्या जुन्या शिळा आणि वास्तूंची यादी करण्यासाठी ग्रामसभेत ठराव मांडण्याची तयारी मी आणि माझ्या ओळखीच्या अनेकांनी ठेवली आहे. शिक्षक, माजी सैनिक, निवृत्त कर्मचारी असे वेळ देणारे लोक प्रत्येक गावात आहेत. त्यांना काय करायचे आणि काय करायचे नाही हे समजावून सांगणारा एक अधिकारी द्या, बाकीचे श्रम आम्ही करू.

पालकमंत्री महोदय, जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत या सात मागण्या विषयपत्रिकेवर घ्याव्यात. जिल्हाधिकारी महोदय, पुरातत्त्व, पर्यटन, बांधकाम, एस.टी. आणि शिक्षण या पाचही विभागांना एकाच टेबलाभोवती बसवण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. तो यासाठी वापरावा. फलक, बसफेरी आणि पावसाळ्यापूर्वीची पाहणी या तीन गोष्टी याच वर्षी करता येण्यासारख्या आहेत. त्या कोणत्या तारखेपर्यंत होतील ते लेखी कळवावे. आम्ही त्या तारखेची वाट पाहू आणि तारीख उलटली तर पुन्हा विचारू.

कळावे,
आपला,
देऊळघाटचा एक रहिवासी
(ता. व जि. बुलढाणा)